सात किलोवर थांबलेली रेघ

अंगणवाडीतल्या वाढ-तक्त्यावर एका मुलीचं वजन मांडून पाहू. मुलगी कल्पनेतली आहे. तिच्याभोवतीचे आकडे मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणांतले आहेत. सहा महिने पूर्ण झाले तेव्हा तिचं वजन ७ किलो भरलं. या वयाच्या मुलींचं मधलं वजन ७.३ किलो असतं, तेव्हा काळजीचं काही नव्हतं. तिचा ठिपका तक्त्याच्या हिरव्या पट्ट्यात पडला. सातव्या महिन्यात वजन तेवढंच. आठव्यातही तेवढंच. नवव्या महिन्याला हिरव्या पट्ट्याची खालची कड साडेसहा किलोवर असते, त्यामुळे ७ किलोचा ठिपका अजून हिरव्यातच राहिला. मुलगी वर्षाची झाली तोवर ती कड चढत चढत ७ किलोला येऊन टेकली आणि ठिपका पहिल्यांदा पिवळ्याच्या काठाला लागला.

या सहा महिन्यांत तिचं वजन दीड किलोहून जास्त वाढायला हवं होतं. वाढलं शून्य. तरी रंग कोणता, असं विचारलं तर महिन्यामागून महिने उत्तर येत राहिलं: हिरवा. हिरवा म्हणजे सर्वसाधारण श्रेणी, आणि दरमहाच्या अहवालात ती त्याच रकान्यात मोजली गेली. रंग बाजूला ठेवून ठिपक्यांना जोडणारी रेघ पाहिली असती, तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच दिसलं असतं की रेघ चढायची थांबली आहे.

एकाच तक्त्यात अशी दोन चित्रं आहेत. किती मुलं कुठल्या श्रेणीत आहेत एवढंच मोजायचं असलेल्या कार्यालयाला रंग पुरतो. आपल्या मुलीचं काय चाललंय हे ज्या आईला जाणून घ्यायचंय, तिला रेघ लागते. आकडे चित्रात मांडले की सामान्य माणसाला कळतात, असं आपण सरसकट म्हणतो. पण कुठलंही चित्र कुणाच्या तरी निर्णयासाठी काढलेलं असतं, आणि तो निर्णय कुणाचा, यावरून त्यात काय दिसणार आणि काय दडणार हे ठरतं.

नंदुरबार जिल्ह्यात ही गोष्ट फार ठळकपणे समजते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे ६९ टक्के. साक्षरता ६४ टक्के. राज्याची ८२ असताना ही सर्वांत कमी. साक्षरता असो, मानव विकास असो की बालकांचं पोषण, राज्याच्या नकाशात वायव्य कोपऱ्यातला हा तुकडा बहुधा सर्वांत गडद रंगाने भरलेला असतो. त्या रंगासाठी लागणारे आकडे गोळा करतात ते पाड्यापाड्यांवरच्या अंगणवाडी सेविका, आशा आणि परिचारिका. नर्मदेच्या काठावर, सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या गावांपर्यंत तर दवाखानाच बोटीतून जातो. तिथून निघालेला आकडा बीटवर, प्रकल्प कार्यालयात, जिल्हा परिषदेत, मुंबईला आणि शेवटी दिल्लीला पोचतो. वर जाताना त्याचे तक्ते, आलेख, नकाशे होत जातात. ज्या पाड्यावरून तो निघाला तिथे मात्र त्याचं चित्र होऊन क्वचितच परत येतं.

आईच्या हातातला आलेख

वाढ-तक्ता हा या बाबतीत अपवाद. तो मुळात घरी ठेवण्यासाठीच जन्मला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेव्हिड मॉर्ली नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ पश्चिम नायजेरियातल्या इमेसी-इले या गावी काम करत होते. मूल आजारी पडल्यावर उपचार करण्यापेक्षा ते घसरायला लागल्याचं आधीच कळावं, म्हणून त्यांनी वजनाचा एक साधा तक्ता बनवला. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर किलो, आणि मधून वर चढत जाणारी एक वाट. मुलाची रेघ त्या वाटेने चढत राहिली पाहिजे. ठिपका वाटेत नेमका कुठे आहे, यापेक्षा रेघ कुठल्या दिशेने चालली आहे याला मॉर्लींनी जास्त महत्त्व दिलं. दुसरी गोष्ट त्याहून धाडसाची होती: कार्ड दवाखान्याच्या कपाटात न ठेवता प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आईकडे दिलं. दवाखान्यांतल्या लोकांना कार्डं हरवतील अशी भीती वाटे. आयांनी ती नीट सांभाळली.

भारतात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडीबरोबर वजनाचा तक्ताही गावोगाव गेला. सुरुवातीच्या तक्त्यांत कुपोषणाच्या चार श्रेणी होत्या; ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतलं मूल’ हे शब्द अजूनही जुन्या सेविकांच्या तोंडी आहेत. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी प्रमाणं आणली. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापं घेतली होती. भारतातली मुलं दिल्लीची. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली: आईचं दूध, पुरेसं अन्न आणि स्वच्छता मिळाली, तर पाच वर्षांपर्यंत जगभरची मुलं जवळजवळ सारखीच वाढतात. ‘आमच्याकडची मुलं मुळातच लहानखुरी’ ही सबब तिथे टिकत नाही. त्यामुळे सातपुड्यातल्या धडगावच्या मुलीसाठी वेगळा तक्ता नाही. ऑस्लोच्या मुलीचा आणि तिचा तक्ता एकच. मुलगा आणि मुलगी यांचे तक्ते तेवढे वेगळे. आपल्या अंगणवाड्यांत हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे तीन पट्टे असलेले तक्ते आले ते याच प्रमाणांवरून.

तरी हा आलेख वाचणं सोपं नाही. त्यात एकाच ठिपक्यातून दोन गोष्टी कळायला हव्यात: उजवीकडे सरकलं की वय वाढतं, वर गेलं की वजन वाढतं. ज्यांनी शाळेत आलेखाचा कागद हाताळला आहे, त्यांना ही सवय लागलेली असते आणि ती शिकावी लागली होती हेही ते विसरून गेलेले असतात. जी बाई कधी शाळेत गेली नाही, तिला आडव्या रेषेवरचे ‘७, ८, ९’ हे काळाचे आकडे म्हणून दिसतीलच असं नाही. तिच्याकडे काळ मोजायची स्वतःची साधनं असतात. सातपुड्यात वर्षाचा मोठा टप्पा होळीचा. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, अक्कलकुव्यातल्या काठीच्या होळीला पंचक्रोशी लोटते. मूल होळीच्या आधीचं की नंतरचं, पेरणीतलं की कापणीतलं, हे कुणालाही विचारा, सांगतील. जन्मतारखेचा दाखला नसेल तेव्हा आरोग्य कर्मचारी वय ठरवायला अशाच स्थानिक घटनांचं कॅलेंडर वापरतात. मग आडव्या रेषेखाली महिन्याच्या आकड्याबरोबर ‘होळी’, ‘पेरणी’, ‘दिवाळी’ असंही का लिहू नये? तेवढ्याने ती रेषा आईच्या ओळखीच्या वर्षातून जाऊ लागते.

दिवाळीनंतर आणखी एक अडचण येते. जिल्ह्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात. लेकरं बरोबर जातात. काही महिने वजन होत नाही. परतल्यावर नवा ठिपका पडतो आणि जुन्या ठिपक्याला सरळ रेघेने जोडला की सगळं सुरळीत चाललं होतं असं दिसतं. खरं तर मधल्या काळाचं आपल्याला काहीच माहीत नसतं. अशा वेळी रेघ तोडून दाखवायला हवी, निदान तुटक काढायला हवी. जी माहिती नाही तिची जागा रिकामी दिसू द्यावी, हा आलेखशास्त्राच्या पहिल्या धड्यातला नियम. आणि तो जितका पाड्यावरच्या कार्डाला लागू, तितकाच मंत्रालयातल्या सादरीकरणालाही.

आकडा नसलेलं माप

रेघ वाचायला वेळ आणि शिकवणं लागतं. कधी कधी तेवढी सवड नसते. मूल धोक्यात आहे की नाही एवढंच आणि आत्ताच्या आत्ता कळायला हवं असतं. त्यासाठी आकडा पूर्णपणे पुसून टाकणारी साधनं लोकांनी शोधली.

दंडाचा घेर मोजणारी रंगीत पट्टी हे त्यांपैकी सर्वांत यशस्वी. १९७४ मध्ये अदनान शाकीर आणि याच मॉर्लींनी तीन रंगांच्या पट्टीची कल्पना मांडली. एक ते पाच वर्षांच्या दरम्यान मुलाचं उंची-वजन पुष्कळ बदलतं, पण दंडाचा घेर फारसा बदलत नाही. त्यामुळे वय नेमकं ठाऊक नसलं तरी चालतं, आणि वजनकाटा न्यायचीही गरज राहत नाही. आज वापरात असलेल्या पट्टीवर सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा आणि त्यापुढे हिरवा रंग असतो. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, अंगणवाडीच्या भाषेत ‘सॅम’. पिवळा म्हणजे मध्यम, ‘मॅम’. पट्टी दंडाला गुंडाळली की खिडकीत जो रंग दिसेल ते उत्तर. सेंटिमीटर म्हणजे काय हे माहीत नसलेली आजीसुद्धा हे माप घेऊ शकते.

महाराष्ट्राने या शास्त्रात स्वतःची भरही घातली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे प्रश्न होता न्यूमोनियाचा. लहान मुलाचा श्वास एका मिनिटात ठरावीक आकड्याच्या वर गेला तर न्यूमोनियाची शक्यता धरायची: दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ६०, त्याहून मोठ्यासाठी ५०. पण गावातल्या सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. बारापर्यंत मोजता यायचं. यावर सुइणींना अंकगणित शिकवत बसण्याऐवजी ‘सर्च’ने मापच बदललं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि दोन दांड्यांवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लहान बाळाच्या दांडीवर पाच हिरवे मणी आणि सहावा लाल; मोठ्या मुलाच्या दांडीवर चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर मूल आजारी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या श्वासमापकाची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. शास्त्राची सीमारेषा तशीच ठेवून तिच्यापर्यंत पोचायची वाट मात्र सुइणीला जमेल अशी केलेली, हे त्यातलं खरं कौशल्य.

या साधनांची मर्यादाही समजून घ्यायला हवी. रंग बदलण्याची जागा माणसाने ठरवलेली असते. दंड १२.४ सेंटिमीटर भरला तर पिवळा, १२.६ भरला तर हिरवा. त्या दोन मुलांत प्रत्यक्षात फरक नसल्यासारखाच. पट्टी थोडी आवळली किंवा सैल धरली तरी रंग बदलतो. आणि पट्टी फक्त आजचं सांगते. गेल्या महिन्यापेक्षा बरं आहे की वाईट, ते सांगत नाही. तातडीचा निर्णय घ्यायला रंग उत्तम. पण मूल लाल होण्याआधी सावध व्हायचं असेल, तर पुन्हा रेघेकडेच यावं लागतं.

शंभर मुलांची रांग

एका मुलाकडून सगळ्या जिल्ह्याकडे गेलो की अडचणी बदलतात. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार नंदुरबारमधल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्के वयाच्या मानाने कमी वजनाची, ४६ टक्के वयाच्या मानाने खुजी आणि ३१ टक्के उंचीच्या मानाने लुकडी होती. संपूर्ण महाराष्ट्राचे हेच आकडे अनुक्रमे ३६, ३५ आणि २६.

टक्का हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असला तरी तो सगळ्यांना उमगतोच असं नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी दाखवून दिलं आहे की टक्केवारीत मांडलेल्या गोष्टीत शिकलेली माणसं, अगदी डॉक्टरही, गोंधळतात. तीच गोष्ट ‘शंभरातली अमुक’ अशी सांगितली की बरोबर समजते. म्हणून ५७ टक्के म्हणण्याऐवजी शंभर मुलांची चित्रं काढायची आणि त्यातली ५७ रंगवायची. माणसं अशा चित्रात मुलं पाहतात, अंश-छेद आठवत बसत नाहीत.

अशा चित्रांचं शास्त्र ओटो नॉयराथ यांनी व्हिएन्नात बसवलं. १९२५ मध्ये त्यांनी तिथे समाज आणि अर्थव्यवस्थेचं एक संग्रहालय सुरू केलं. घरं, मजुरी, रोगराई यांचे आकडे कामगारांना कळावेत हा हेतू. त्यांच्या पद्धतीला पुढे आयसोटाइप नाव पडलं. तिचा मुख्य नियम असा: संख्या वाढली तर चित्र मोठं करायचं नाही, तेवढ्याच आकाराची चित्रं जास्त काढायची. हा नियम आजही रोज मोडला जातो. उत्पादन दुप्पट झालं की पोत्याचं चित्र दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद काढतात. कागदावर ते चौपट जागा व्यापतं आणि डोळ्याला दुपटीऐवजी चौपट दिसतं. पुढे १९५० च्या दशकात ओटोंची पत्नी आणि सहकारी मारी नॉयराथ यांनी पश्चिम नायजेरियाच्या सरकारसाठी अशाच चित्रांच्या पुस्तिका केल्या. मॉर्ली वजनाचा तक्ता घडवत होते तोही हाच प्रदेश आणि जवळपास हाच काळ. युरोपातल्या माणसाची आकृती तिथे चालणार नव्हती; घरं, कपडे, भांडी तिथली काढावी लागली. नंदुरबारसाठीही तेच खरं. शहरी फ्लॅटचं चित्र काढून ‘घर’ म्हटलं, तर कुडाच्या भिंती आणि कौलारू छपराखाली राहणाऱ्याला तो आकडा आपला वाटणार नाही.

आता वरचे तीन आकडे पुन्हा पाहा. ५७, ४६ आणि ३१ यांची बेरीज १३४ होते. शंभरातली १३४ मुलं कशी? कारण एकच मूल खुजंही असतं, लुकडंही आणि कमी वजनाचंही. गट एकमेकांत मिसळलेले आहेत. असे आकडे वर्तुळाच्या फाकी करून दाखवता येत नाहीत, कारण फाकींची बेरीज शंभरच व्हावी लागते. तरी तसं दाखवलेलं अधूनमधून दिसतं. संगणक निमूटपणे आकडे ओढून-ताणून वर्तुळात बसवतो आणि ३१ ची फाक २३ टक्क्यांची होते. इथे योग्य चित्र म्हणजे शंभर-शंभर मुलांच्या तीन वेगळ्या रांगा.

आणखी एक सापळा काळाच्या तुलनेत आहे. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीत जिल्ह्यातली लुकडी मुलं शंभरात ४० होती, ती ३१ वर आली. कमी वजनाची मात्र ५५ होती, ती ५७ झाली. यावरून ‘कमी वजनाचं प्रमाण वाढलं’ असा मथळा लगेच देता येईल. पण ही पाहणी म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाची मोजणी नाही. नमुन्यात निवडलेल्या काही शे घरांवरून काढलेला तो अंदाज. अशा अंदाजात चार-पाच टक्के इकडे-तिकडे होणं स्वाभाविक असतं. म्हणजे ५५ आणि ५७ यांच्यात काही बदल झाला असं म्हणता येत नाही. ४० वरून ३१ ला मात्र वजन आहे. प्रामाणिक चित्रात स्तंभाच्या टोकाला ही अनिश्चितता दिसली पाहिजे. तज्ज्ञ त्यासाठी बारीक उभी दांडी काढतात, जी सामान्य वाचकाला कळत नाही. त्यापेक्षा स्तंभाचं टोक विरत गेलेलं दाखवलं की खात्री कुठपर्यंत आहे ते न सांगता समजतं.

शेवटचा नंबर कसा दिसतो

नंदुरबारची बातमी बहुधा क्रमवारीतून येते. २०१२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात जिल्हा तेव्हाच्या ३५ जिल्ह्यांत शेवटचा होता. २००१ चे आकडे लावले तरी शेवटचाच. नुसती क्रमवारी पाहिली तर दहा वर्षांत काहीच हललं नाही. पण निर्देशांक पाहिला तर तो २००१ मधल्या ०.५१३ वरून २०११ मध्ये ०.६०४ झाला. राज्याचा ०.६६६ वरून ०.७५२ झाला. म्हणजे या काळात नंदुरबार राज्याइतकंच, किंचित जास्तच, पुढे सरकलं. बाकीचेही सरकले म्हणून जागा तीच राहिली. क्रमवारीत इतरांचं चालणं मिसळलेलं असतं. स्वतःच्या चालण्याची रेघ वेगळी काढावी लागते. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव त्यात घेतले. तिथे जिल्हा कुठे आहे याबरोबरच तो किती बदलला यावरही क्रम लावायचं ठरलं, ते याच कारणाने.

आलेखाचा पाया कुठे धरला यावरही चित्र पालटतं. याच अहवालात २०११ चा सर्वांत वरचा आकडा मुंबईचा होता, ०.८४१. नंदुरबार आणि मुंबई यांचे स्तंभ शून्यापासून काढले तर नंदुरबारचा स्तंभ मुंबईच्या सुमारे ७२ टक्के उंच दिसतो. जागा वाचवायला पाया ०.५ वर धरला, तर तोच स्तंभ मुंबईच्या एक-तृतीयांशाहूनही ठेंगणा होतो. आकडे दोन्हीकडे अचूक. वर्तमानपत्रात असा आलेख दिसला की आधी खालच्या डाव्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते पाहावं.

नकाशाचा फसवेपणा जरा वेगळा. जिल्ह्याला एक रंग दिला की तापीकाठचा बागायती शहादा आणि सातपुड्यातला धडगाव एकाच रंगात रंगतात. तोच नकाशा तालुकावार केला की उत्तरेचे दोन तालुके, अक्कलकुवा आणि धडगाव, वेगळे दिसू लागतात. गाववार केला तर त्या तालुक्यांतही रस्त्यालगतचं आणि डोंगरापलीकडचं असा भेद उमटतो. निधी आणि माणसं कुठे पाठवायची हे ठरवायचं असेल, तर जिल्ह्याच्या गडद रंगापेक्षा हा आतला नकाशा अधिक उपयोगाचा.

आकड्यांची परतीची वाट

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचा फुलाच्या पाकळ्यांसारखा दिसणारा प्रसिद्ध आलेख काढला. जखमांपेक्षा घाणीमुळे होणाऱ्या रोगांनी किती जास्त सैनिक मेले, हे त्यात एका नजरेत दिसत होतं. तो आलेख मंत्र्यांसाठी आणि राणीच्या दरबारासाठी होता. निर्णय त्यांच्या हातात होता. गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षं आकड्यांची बहुतेक चांगली चित्रं अशीच वरच्यांसाठी निघाली.

आता काही निर्णय खाली आले आहेत. अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले. २०१५ पासून राज्याने आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी अशा ग्रामपंचायतींकडे थेट द्यायला सुरुवात केली. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचं. ठरवायचं तर गावचे आकडे गावासमोर हवेत, आणि बसलेल्या सगळ्यांना दिसतील असे हवेत. यासाठी संगणकाची गरज नाही. अंगणवाडीच्या भिंतीवर वाढ-तक्त्याचे पट्टे मोठे रंगवावेत आणि गावातल्या प्रत्येक मुलामागे एक टिकली लावावी, नाव न लिहिता. नाव लिहिलं की एखाद्या आईला चारचौघांत खाली मान घालावी लागते आणि पुढच्या महिन्यात ती वजनाला येत नाही. टिकल्यांचा पुंजका नारिंगीकडे झुकलेला दिसला की प्रश्न एका घराचा राहत नाही. त्याच्या शेजारी आणखी एक चौकट असावी: वजन न झालेल्या मुलांची. स्थलांतरात गेलेली, दूरच्या पाड्यावरची मुलं त्या चौकटीत दिसली पाहिजेत, नाहीतर ‘वजन केलेल्यांपैकी इतकी’ हे वाक्य सहज ‘गावातली इतकी’ होऊन बसतं.

चित्र काढणाऱ्याने आणखी काही गोष्टी पाळाव्यात. रंगाबरोबर आकार किंवा जागाही बदलावी, कारण तालुक्याच्या झेरॉक्स मशीनमधून हिरवा, पिवळा आणि लाल हे तिन्ही करडे होऊन बाहेर पडतात. समजावणारी भाषा ऐकणाऱ्याची असावी. या जिल्ह्यात ती भिली, पावरी, मावची, अहिराणी किंवा गुजरी असू शकते. आणि ‘समजलं का?’ असं विचारू नये; त्याला सगळे हो म्हणतात. तक्ता दाखवून ‘या मुलीचं काय चाललंय, तुम्ही सांगा’ असं म्हणावं. समोरची बाई चुकीचं वाचत असेल, तर चूक चित्राची धरावी.

चांगल्या चित्राकडूनही अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तमिळनाडूतल्या १२ गावांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळ्या गावांत आरोग्यसेवा आणि पोषणाचा सल्ला सारखाच. निम्म्या गावांत वर वाढ-तक्तेही. मुलांच्या वाढीत फरक पडला नाही. तक्त्याने मुलांचं पोट भरत नाही, हे खरंच. पण त्या प्रयोगात बाकीची मदत दोन्हीकडे पोचत होती. जिथे अंडं, केळं, ताजा आहार, पोषण पुनर्वसन केंद्रातली खाट, किंवा ऊसतोडीच्या फडावर फिरती अंगणवाडी यांतलं काय आधी हवं हेच ठरायचं असतं, तिथे मागणीला आधार म्हणून आकडा लागतो. ‘आमच्या पाड्यावर अठरा मुलांपैकी सात मुलांची रेघ दोन महिने हललेली नाही’ असं ग्रामसभेत कुणी उभं राहून म्हणालं, तर ते टाळणं कुठल्याही अधिकाऱ्याला सोपं जात नाही. सामान्य माणसांसाठी आकड्यांचं चित्र काढायचं ते एवढ्यासाठी: त्यांना माहिती मिळावी म्हणून तर आहेच, पण ती माहिती घेऊन त्यांना जाब विचारता यावा म्हणूनही.